अमेरिकेतले रानघोडे, सरकारी हेलिकॉप्टरं आणि हिशेब मागायची सोय

माळरान (धागाकर्ता)

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नेवाडाच्या ईशान्य भागात, अँटिलोप कॉम्प्लेक्स नावाच्या पट्ट्यात, रानघोड्यांची मोठी सरकारी धरपकड झाली. त्यात ३१ घोडे मेले. त्यातला एक फिकट सोनेरी रंगाचा नर कुंपणावरून उडी मारताना मागचा पाय मोडून घेऊन पळाला. त्याला गाठून गोळी घालेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला आणि तेवढा वेळ तो तीन पायांवर धावत होता. हे आपल्याला माहीत आहे, कारण लांबून कॅमेरा लावून बसलेली माणसं तिथे होती. ती नसती तर तो घोडा सरकारी तक्त्यात 'पाय मोडला, दयामरण' एवढ्या एका ओळीत संपला असता.

मी बरीच वर्षं नेवाडात राहतो. या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पश्चिमेकडच्या दहा राज्यांत सरकारी माळरानांवर सत्तर हजारांच्या वर रानघोडे आणि रानगाढवं आहेत. त्यांची जबाबदारी मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या केंद्रीय खात्याकडे आहे. हे घोडे कायद्याने संरक्षित झाले त्याचं श्रेय बऱ्याच अंशी व्हेल्मा जॉन्स्टन या नेवाडातल्या बाईंना जातं. विमा कंपनीत सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या या बाई १९५० मध्ये कामावर जात असताना त्यांना पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना दिसलं. ट्रकमध्ये कत्तलखान्याकडे निघालेले रानघोडे होते. त्या काळी विमानं आणि ट्रक घेऊन घोडे पिटाळायचे, दमवायचे आणि कुत्र्या-कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायचे, हा सर्रास धंदा होता. बाईंनी पिच्छा सोडला नाही. १९५९ मध्ये सरकारी जमिनीवर रानघोडे पकडायला मोटारगाड्या आणि विमानं वापरण्यावर बंदी आली. पुढे देशभरातल्या शाळकरी मुलांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पत्रांवर पत्रं धाडली आणि १९७१ चा रानघोड्यांचा कायदा एकमताने मंजूर झाला. १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची त्यावर सही झाली.

पाचच वर्षांत, १९७६ मध्ये, हेलिकॉप्टर पुन्हा आत आलं. या वेळी ते वापरणार होतं ते सरकार. आधी जाहीर सुनावणी घ्यायची आणि खात्याच्या थेट देखरेखीखालीच काम करायचं, अशा दोन अटी कायद्यात घातल्या गेल्या. सुनावणी आजही होते. लोक बोलतात, त्याची नोंद होते, आणि पुढच्या हंगामाचं वेळापत्रक पूर्वीसारखंच निघतं.

काम कसं चालतं ते सांगतो. दरीच्या किंवा घळीच्या तोंडाशी लोखंडी पॅनेल जोडून कोंडवाडा उभा करतात. त्याच्या दोन्ही बाजूंना तागाच्या कापडाच्या लांबच लांब भिंती, तोंडाशी रुंद आणि आत निमुळत्या होत गेलेल्या. कंत्राटदाराचं हेलिकॉप्टर मैलोन्‌मैल अंतरावरून कळप हाकत आणतं. कळप तोंडाशी आला की माणसाळलेला, शिकवलेला एक घोडा सोडतात. तो सरळ कोंडवाड्याकडे पळतो, कारण तिथे चारा मिळतो हे त्याला ठाऊक असतं, आणि घाबरलेला कळप त्याच्यामागे आत शिरतो. फाटक बंद होतं. मग नर, माद्या, शिंगरं वेगळी करतात. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेलं घोड्यांचं कुटुंब तिथेच काही मिनिटांत तुटतं. कंत्राटदाराला पैसे डोईमागे मिळतात. माझ्या मते गोष्टी बिघडायला सुरुवात इथे होते. जितके घोडे, तितकं बिल, असं असल्यावर मागे पडलेल्या दमलेल्या शिंगरासाठी थांबायला कोणाला परवडणार?

'जखमा आणि मृत्यू' यांची मोजणी हा माझा मुख्य आक्षेप आहे. बीएलएम दर दिवसाचा अहवाल संकेतस्थळावर टाकतं, हे चांगलंच आहे. पण त्यात मृत्यूंचे दोन कप्पे असतात: एक धरपकडीत झालेल्या इजेचा, दुसरा 'आधीपासूनच्या' व्याधींचा. जुना मोड, वाकडा पाय, अंधत्व, हाडकलेलं शरीर अशा कारणांनी मारलेला घोडा दुसऱ्या कप्प्यात जातो. मग टक्केवारी सांगताना पहिलाच कप्पा पुढे केला जातो. एका डोळ्याने आंधळा घोडा इतकी वर्षं माळावर जगत होता, कोंडवाड्यात आल्यावर त्याच दिवशी मारला गेला, तर त्याचा मृत्यू धरपकडीच्या खात्यावर का नाही? शिवाय नंतरच्या आठवड्यांत सरकारी केंद्रात मेलेले घोडे त्या अहवालात येतच नाहीत. २००९-१० च्या हिवाळ्यात नेवाडातल्या कॅलिको डोंगरांत एकोणीसशेच्या आसपास घोडे पकडले. पकडताना मेलेले मोजके होते. त्यानंतर फॅलन इथल्या सरकारी केंद्रात कितीतरी जास्त मेले. खडकाळ, गोठलेल्या जमिनीवरून पळवल्यामुळे काही शिंगरांचे खूर अक्षरशः सुटून आले आणि त्यांना मारावं लागलं.

केंद्रांचीही तीच कथा. आज साठ हजारांच्या आसपास घोडे सरकारी आवारांत आणि भाड्याच्या कुरणांवर आहेत आणि बीएलएमच्या रानघोड्यांच्या कार्यक्रमाच्या बजेटचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांच्या चाऱ्या-पाण्यावर जातो. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटी केंद्रात घोड्यांच्या इन्फ्लुएंझाने १४५ च्या आसपास घोडे गेले. बहुतेक वेस्ट डग्लस भागातून आणलेले, लसीकरण वेळेवर न झालेले. साधी लस होती हो. टोचायला पुरेशी माणसं नव्हती.

आणि विक्री. २००४ मध्ये बजेटच्या एका भल्यामोठ्या विधेयकात एक कलम शिरलं: दहा वर्षांवरचे किंवा तीनदा दत्तक न गेलेले घोडे कोणत्याही अटीविना विकता येतील. पुढे घोडे कत्तलीसाठी विकायचे नाहीत असं खात्याने आणि काँग्रेसने ठरवलं खरं. पण बीएलएम ज्याच्या हाताखाली येतं त्या इंटिरियर खात्याच्या महानिरीक्षकांचा २०१५ चा अहवाल वाचा. कोलोरॅडोतल्या एकाच खरेदीदाराला दहा डॉलरला एक या दराने १,७९४ घोडे विकले गेले. त्यातले बहुतेक मेक्सिकोतल्या कत्तलखान्यांत पोचले. हे घोडे त्याच्यापर्यंत पोचवायचा खर्चही सरकारनेच केला. एकच माणूस ट्रकमागून ट्रक घोडे नेतोय, त्याच्याकडे एवढी जमीन आहे का, हे कोणी विचारलं नाही. खटला भरला गेला नाही.

मला वाटतं ते एवढंच: खातं स्वतःच पकडतं, स्वतःच मोजतं आणि स्वतःच ठरवतं की आपण माणुसकीने वागलो की नाही. यातला मधला भाग तरी बाहेरच्या कोणाच्या हातात हवा.

---

पागेकरी

धागा दोनदा वाचला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडी आहेत. दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात असतोच. मी अमेरिका पाहिलेली नाही, पण घोडं ओळखतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

पाय मोडल्यावर घोड्याला मारतात हे वाचून इथे बऱ्याच जणांना धक्का बसेल. घोड्याचं चारशे किलोचं वजन चार बारीक पायांवर असतं. त्याला महिनोन्‌महिने आडवं ठेवता येत नाही. तीन पायांवर उभं ठेवलं तर चांगला पाय खुरातून सुजतो आणि तोही जातो. म्हणून गोळी घालण्याला माझी हरकत नाही. पाय मोडू देणं हा गुन्हा.

तान्ह्या शिंगराला घोडीबरोबर लांब पळवलं की दोन गोष्टी होतात. शिंगरू मागे राहतं, किंवा आईच्या ओढीने जीव तोडून पळतं आणि खूर फाटतात. शिंगराचा खूर जन्मल्यावर कित्येक महिने मऊ असतो. आमच्याकडे व्यालेल्या घोडीला कोणी शेजारच्या गावालासुद्धा पळवत नेत नाही. आणि घामाघूम, धापा टाकणारी घोडी गर्दीत कोंडायची नाही, हे पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. आधी फिरवायची, श्वास खाली बसू द्यायचा, मग घोट घोट पाणी.

माझा प्रश्न: पाण्यावर का पकडत नाहीत? उन्हाळ्यात पाणवठे दोन-चारच उरत असतील. पाणवठ्याभोवती कुंपण घाला, फाटक उघडं ठेवा, आठ-पंधरा दिवस घोड्यांना सवय होऊ द्या आणि एका रात्री फाटक लावा. कळप एकत्र येईल, कोणी पळणार नाही.

---

माळरान

पागेकरी दादा, तुम्ही सांगता तीच पद्धत इथे आहे. पाण्याचा किंवा चाऱ्याचा सापळा म्हणतात आणि काही भागांत बीएलएम ती वापरतंही. खात्याचं म्हणणं असं की ती संथ आहे आणि पाणी जागोजागी असेल तिथे चालत नाही. दुसरा मुद्दा थोडा खरा आहे. पहिल्याला मी कारण मानत नाही. लास व्हेगसच्या खासदार डीना टायटस यांनी हेलिकॉप्टरवर बंदी आणणारं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं आहे. घोडेस्वारांकरवी आणि सापळ्यांनी पकडायचे पर्याय तपासा, ही त्यातलीच मागणी.

शिंगरांबद्दल: १ मार्च ते ३० जून हा विण्याचा हंगाम धरून त्या काळात, आणीबाणी वगळता, हेलिकॉप्टर वापरत नाहीत. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोहीम सुरू झाली तर मेमध्ये जन्मलेलं शिंगरू तेव्हा दोन महिन्यांचं असतं. तारखेचा नियम पाळला जातो आणि शिंगरू पळतंच.

---

गौरी_द

फार अस्वस्थ करणारा लेख. एक साधा प्रश्न: हे घोडे तिथले मूळचे की युरोपातून आलेले?

---

माळरान

गौरीताई, घोड्यांचा वंश उत्क्रांत झाला उत्तर अमेरिकेतच. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसा झाला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर परत आला. आजचे कळप त्या घोड्यांचे आणि नंतर सैन्याने, शेतकऱ्यांनी सोडलेल्या घोड्यांचे वंशज आहेत. त्यामुळे 'उपरे' की 'घरी परतलेले' हा वाद चालूच असतो. कायद्याने मात्र १९७१ साली त्यांना त्या जमिनीचा भाग मानलं आहे.

---

खडकवासी

मी युटात असतो आणि कामानिमित्त याच माळांवर फिरतो. लेखातल्या क्रौर्याबद्दल दुमत नाही, पण दुसरी बाजू लिहायलाच हवी.

या घोड्यांना आवर घालणारे शिकारी प्राणी बहुतेक ठिकाणी उरलेले नाहीत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१३ च्या अहवालानुसार कळप वर्षाला १५ ते २० टक्के वाढतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. खात्याच्या हिशेबाने या जमिनी साधारण २५-२६ हजार जनावरं पेलू शकतात, आणि २०२० मध्ये आकडा ९५ हजारांवर गेला होता. पाऊस किती? काही ठिकाणी वर्षाला सात-आठ इंच. एकदा खाल्लेलं गवत परत यायला अनेक वर्षं लागतात. झऱ्याकाठी मी उभा राहिलो आहे. खुरांनी तुडवून नुसता चिखल झालेला, भोवती शंभर पावलांत हिरवी काडी नाही. ससे, सेज ग्राउझ पक्षी, हरणं, सगळ्यांचं पाणी तेच.

आणि काहीच केलं नाही तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. मे २०१८ मध्ये ॲरिझोनात, नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या स्वायत्त हद्दीत ग्रे माउंटन इथे, आटत चाललेल्या तळ्याच्या चिखलात रुतून १९१ घोडे मेले. तिथे हेलिकॉप्टर नव्हतं, कोणीच नव्हतं. तहानेने मरणं हेलिकॉप्टरपेक्षा दयाळू नाही.

---

माळरान

खडकवासी, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आणि ग्रे माउंटनची आठवण करून दिलीत तेही. घोड्यांना हातच लावू नका असं माझं म्हणणं नाही. संख्या आवरायलाच हवी.

पण त्याच २०१३ च्या अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, सतत घोडे काढत राहिल्याने उरलेल्यांना भरपूर चारा मिळतो आणि त्यांची वाढ वेगातच राहते, म्हणजे धरपकडच पुढच्या धरपकडीची सोय करते. दोन, 'ही जमीन इतकेच घोडे पेलू शकते' हा आकडा कसा काढला जातो ते बाहेरच्या माणसाला समजत नाही. तुम्ही २५-२६ हजार म्हणालात. याच खात्याच्या जमिनींवर गुरं चरतात, आणि गाय-वासराच्या एका जोडीमागे महिन्याचं चराई शुल्क २०१९ ते २०२५ सलग १.३५ डॉलर होतं. गवताची वाटणी कोणी आणि कशी केली हे उघड झाल्याशिवाय 'जादा घोडे' हे ऐकून घ्यायला मी तयार नाही. तुडवलेला झरा खराच आहे, पण तो कोणाच्या खुरांनी किती तुडवला, हेही मोजायला हवं ना?

दुसरा रस्ता आहे आणि तो आजमावलेला आहे. मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर राष्ट्रीय उद्यान विभागाने १९९४ पासून अनेक वर्षं घोड्यांना पीझेडपी ही गर्भरोधक लस दिली. लांबून बंदुकीने छोटा बाण मारून, पकडापकडी न करता. कळप पावणेदोनशेच्या आसपास गेला होता, तो हळूहळू शंभराच्या खाली आला. नेवाडातल्या व्हर्जिनिया रेंजवर स्वयंसेवक हेच करताहेत आणि तिथे घोडे हजारोंनी आहेत. अवघड आहे, मान्य. प्रत्येक घोडी ओळखावी लागते, दरवर्षी परत टोचावी लागते. पण घोडा ओळखणारा माणूस त्याला सांभाळतोही. बजेटमध्ये मात्र या कामाचा वाटा अगदीच छोटा असतो.

---

खडकवासी

गुरांबद्दलचा मुद्दा मान्य. दोन्हींची मोजणी एकाच फूटपट्टीने व्हावी. असाटीग हे बेट आहे, तिथले घोडे माणसाला सरावलेले आहेत. नेवाडात घोडा तुम्हाला मैलभरावरून बघून निघून जातो. तेव्हा निदान सुरुवातीला थोडे पकडून, लस देऊन परत सोडावे लागतील. ते पकडणं नीट व्हावं, यावर आपलं एकमत आहे.

---

स्नेहल_वकील

कायद्याच्या अंगाने थोडी भर घालते.

१९७१ च्या कायद्यात घोडे 'माणुसकीने' पकडावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. केंद्रीय नियमावलीत अमानुष वागणुकीची व्याख्याही आहे: मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने केलेली अशी कृती, किंवा कृती न करणं, ज्याने जनावराला ताण, इजा किंवा विनाकारण यातना होतात आणि जी पशुवैद्यकांच्या मान्य पद्धतींत बसत नाही. व्याख्या चांगली आहे. अडचण पुढे आहे. धरपकडीत प्रत्यक्ष काय करायचं आणि काय नाही (विजेची काठी सरसकट वापरायची नाही, हेलिकॉप्टर जनावराला टेकवायचं नाही, ९५ अंश फॅरनहाइटच्या वर घोडे पळवायचे नाहीत) हे सगळं २०१५ पासून खात्याच्या अंतर्गत धोरणात आहे. विधिवत नियम म्हणून ते जाहीर झालेलं नाही. त्यामुळे मोडलं तर शिक्षा काय, याला उत्तर नाही, आणि कोर्टातही त्याच्या आधारे उभं राहणं कठीण जातं. दर वेळी तपासणी करणारा चमू खात्याचाच किंवा खात्याने बोलावलेला.

कोर्टातली दुसरी अडचण वेळेची. धरपकड दोन-चार आठवड्यांत संपते आणि तोवर तारीखही लागलेली नसते. संपल्यावर सांगतात, आता काय थांबवायचं? २०२३ च्या अँटिलोप मोहिमेतही न्यायाधीशांनी काम थांबवायला नकार दिला. पण अपवाद आहेत. ऑगस्ट २०११ मध्ये नेवाडातल्या ट्रिपल बी भागात हेलिकॉप्टर घोड्याच्या अगदी अंगावर आणल्याची चित्रफीत न्यायाधीश हॉवर्ड मॅककिबेन यांनी पाहिली आणि तात्पुरती मनाई दिली. चित्रफीत नसती तर ते प्रकरण तिथेच संपलं असतं.

म्हणूनच लॉरा ली या पत्रकार-छायाचित्रकार बाईंचा खटला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नेवाडातल्या सिल्व्हर किंग भागात आपल्याला इतक्या लांब आणि आडोशाला उभं केलं की काही दिसूच नये, अशी त्यांची तक्रार होती. २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय, अपील कोर्टाने सांगितलं की सरकारी कामकाज पाहण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या, म्हणजे भाषण आणि वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या, दुरुस्तीतून येतो, आणि खालच्या कोर्टाने तो नीट तपासला पाहिजे. प्रकरण परत गेल्यावर खालच्या कोर्टाने बीएलएमच्या बाजूने निकाल दिला हेही सांगायला हवं. तरी ती कसोटी कायद्यात राहिली आणि पुढच्यांना वापरता येते.

अलीकडचे दोन निकालही नोंदवून ठेवते. मार्च २०२४ मध्ये न्यायाधीश मिरांडा डू यांनी नेवाडातल्या पॅनकेक भागासाठी कळप व्यवस्थापनाची योजना वर्षभरात पूर्ण करायचा आदेश दिला, कारण अनेक वर्षं योजनेविनाच घोडे काढणं चालू होतं. आणि २०१९ मध्ये सुरू झालेली, घोडा दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर द्यायची योजना कोलोरॅडोतल्या केंद्रीय कोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. पैसे हातात पडल्यावर घोडे कत्तलीच्या लिलावात दिसू लागले होते आणि त्याला वृत्तपत्रांनी वाचा फोडली होती. रद्द व्हायचं कायदेशीर कारण मात्र हे की, लोकांना न विचारता आणि पर्यावरणीय परिणाम न तपासता ती सुरू केली होती.

---

पागेकरी

स्नेहलताई, हजार डॉलर देऊन घोडं गळ्यात मारायचं हेच मुळात चुकलं. ज्याला घोडं हवंय तो स्वतः पैसे मोजतो. चंदी-वैरण, नालबंद, जागा, याचा खर्च ज्याला झेपतो त्यालाच द्यावं, आणि देण्याआधी त्याची पागा बघून यावी. बाजारात गिऱ्हाईक ओळखीचं नसेल तर आम्हीही चौकशी करतो. सरकारने हजार-हजार घोडी विकताना ती करू नये?

---

लोहितकाठ

थोडं अवांतर. आसाममध्ये डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात रानटी झालेले घोडे आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्याच्या घोड्यांचे वंशज मानले जातात. संख्या फारच कमी. २०२० मध्ये तिथून चोरून नेलेले सहा घोडे सोडवावे लागले होते. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे, पण सरकारने त्यांना कोणत्या कायद्याखाली धरायचं, वन्य की पाळीव, हा घोळ तसाच.

---

गौरी_द

माझी बहीण नेवाडातल्या रिनोला राहते. आपल्यासारख्यांना काही करता येतं का?

---

माळरान

येतं. एखाद्या भागातली धरपकड ठरवण्याआधी बीएलएम बहुतेक वेळा पर्यावरणीय मूल्यांकनाचा मसुदा लोकांपुढे ठेवतं. त्यावर सूचना पाठवायला ठरावीक मुदत मिळते आणि ती कोणीही पाठवू शकतं. 'क्रौर्य थांबवा' एवढंच लिहिलं तर त्याची एका वाक्यात बोळवण होते. नेमकं लिहायचं: मसुद्यात पाण्याच्या सापळ्याचा पर्याय का तपासला नाही, गर्भरोधक लस किती घोड्यांना देणार, त्याच जमिनीवर गुरांना किती चराई दिली आहे, हेलिकॉप्टरवर आणि कोंडवाड्यावर कॅमेरे का नाहीत. अशा मुद्द्याचं खात्याने उत्तर दिलं नाही तर पुढे कोर्टात तो वापरता येतो. मसुद्याच्या वेळी गप्प बसलं तर नंतर तो मांडणं अवघड होतं. बरोबर ना स्नेहलताई?

बहिणीला म्हणावं, धरपकड पाहायला सामान्य माणसाला जाता येतं. आधी नाव कळवायचं, पहाटे ठरलेल्या ठिकाणी पोचायचं, मग गाड्यांचा ताफा नेतात. चांगली दुर्बीण, लांबचं भिंग असलेला कॅमेरा, गरम कपडे, दिवसभराचं पाणी. कॅमेऱ्यात वेळ बरोबर लावून ठेवायची आणि संध्याकाळी खात्याचा त्या दिवसाचा अहवाल आला की आपल्या नोंदींशी ताडून बघायचा.

मस्टँग, म्हणजे असा रानघोडा, दत्तक घेतलेलं कोणी ओळखीचं असेल तर तो घोडा एकदा जवळून बघून यायलाही सांगा. आमच्या शेजारच्या तबेल्यात एक घोडी आहे. तिच्या मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, द्रव नायट्रोजनने गोठवून उमटवलेली पांढऱ्या केसांची खूण आहे, नुसत्या कोनांची आणि रेघांची. त्यात जन्मसाल आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक आहे. प्रत्येक घोड्याचा असा वेगळा क्रमांक सरकारकडे आहे. म्हणजे कोण कुठून आला, कोणाला दिला आणि पुढे त्याचं काय झालं, हे ठरवलं तर शेवटपर्यंत शोधता येतं. सूचनांमध्ये मी हेही दर वेळी लिहितो: मालकी दिल्यानंतरही त्या क्रमांकाची नोंद बंद करू नका, आणि लिलावात तो दिसला तर खात्याला कळवणं बंधनकारक करा.

---

स्नेहल_वकील

बरोबर. आणि बहिणीने सूचना पाठवली की पोचपावतीची प्रत जपून ठेवायला सांगा. मसुद्याचा दुवा मिळाला तर इथेच टाका, मुद्दे लिहायला मी मदत करेन.